पाटलांचा डबा

कीर्ती पाटील सांगलीत विश्रामबागला डबे पोचवणाऱ्या एका कंपनीत प्रोग्रॅमर होती. कंपनी म्हणजे खाली स्वयंपाकघर आणि वर तीन-चार कॉम्प्युटर. मालक मानसिंगराव मूळचे साताऱ्याजवळच्या कोरेगावचे. डब्यांच्या ऑर्डरी घेणारं ॲप सुरुवातीला त्यांनीच रात्रंदिवस बसून लिहिलेलं. आता ते नुसते हिंडायचे, फोन करायचे आणि ओरडायचे.

कीर्तीच्या लग्नाला वर्ष होत आलं, पण नवरा सन्मती नोकरीला साताऱ्यात आणि ही इकडे. कंपनीने साताऱ्यात डबे सुरू केले, तसं तिथलं काम कीर्तीला द्यायचं ठरलं. तिने सन्मतीला सांगूनही टाकलं.

आणि नेमका साताऱ्यात घोळ झाला. रात्रीच्या ऑर्डरी आपोआप रद्द व्हायला लागल्या. त्याही सगळ्यांच्या नाहीत, फक्त पाटलांच्या. एक निवृत्त सुभेदार तर फोनवर मानसिंगरावांवर कडाडलेच, "आवं, पलटणीत बी आमी कवा उपाशी झोपलो न्हाई!"

कीर्तीच्या शेजारी बसणाऱ्या संयोगिताने त्यामागची प्रोग्रॅममधली ओळ शोधून काढली : आडनाव पाटील असेल, तर दिवस मावळल्यावर डबा पाठवू नये. सांगलीत सगळेच डबे उजेडी निघायचे, म्हणून ही ओळ कधी कुणाला नडली नव्हती. साताऱ्यात डबे नऊपर्यंत जात.

"कुणाची ही अक्कल?" मानसिंगराव म्हणाले. प्रोग्रॅममधली कुठली ओळ कुणी, कधी बदलली, हे गिट लक्षात ठेवतं. संयोगिताने गिटला विचारलं. ओळीपुढे नाव आलं, कीर्ती पाटील.

"घ्या! तुमी जैन अंधारात जेवत न्हाई, म्हणून साताऱ्याला बी उपास व्हय गं?" मानसिंगराव म्हणाले. "ऱ्हाऊ दे आता तुझा सातारा. दुसऱ्या कुणाला तरी धाडतो."

गेल्या महिन्यात कीर्तीने त्या फाइलमधल्या वेड्यावाकड्या ओळी नुसत्या एका रांगेत लावल्या होत्या. गिट दाखवतं ते शेवटचा हात लागलेल्याचं नाव. पण कल्हई केली म्हणून भांडं काही कल्हईवाल्याचं होत नाही.

तिने गिटला सांगितलं, नुसत्या मोकळ्या जागा बदलल्या असतील तर ते सोडून दे, या एका ओळीचाच मागचा सगळा प्रवास दाखव. तिच्या आधी संयोगिताचं नाव निघालं. तिने ती ओळ एका फाइलमधून दुसरीत हलवलेली. त्याच्याही मागे, अगदी तळाशी, ओळ जन्मली तिथलं नाव वाचून कीर्तीचा हात माउसवरच थांबला. दाखवावं तर मालक चिडणार, न दाखवावं तर सातारा गेल्यातच जमा.

तिने स्क्रीन मानसिंगरावांकडे वळवली.

नोंदीत लिहिलं होतं, 'जैन कॉलनीतले पाटील दिवस मावळल्यावर डबा घेत नाहीत, परत पाठवतात.' पुढे नाव मानसिंगरावांचं.

"हे मी लिवलंय?"

"तारीख बघा की सर. कंपनी निघाली तेव्हाची."

"तवा आपली गिऱ्हाइकं एका कॉलनीतलीच गं. झाडून सगळे पाटील जैन." त्यांनी डोकं खाजवलं. "आणि आमचे कोरेगावचे पाटील नऊशिवाय ताटावर बसत न्हाईत, ते मीच इसरलो? काढून टाक ती ओळ."

"काढायची नाही सर. आमच्या माणसांना ती लागते," कीर्ती म्हणाली. "आडनाव तेवढं काढू. ज्याला उजेडी जेवायचं, त्याने तसं निवडावं. मग तो पाटील असो नाहीतर शहा."

तासाभरात तिने ते केलं. बदलाच्या नोंदीत कारणही नीट लिहिलं, पुढच्याला कोडं नको म्हणून.

"सोमवारपासनं सातारा," मानसिंगराव म्हणाले. "आणि त्या सुभेदारांना आधी तू फोन लाव. मला लय भ्या वाटतंय."

संयोगिता खो खो हसली. "सर, आता नाव तुमचं निघालंय, फोनही तुम्हीच लावा!"

कीर्तीने फोन लावला, पण सन्मतीला. "दोघांसाठी खोली बघायला लाग," ती म्हणाली. "आणि तुझ्या कंपनीत विचार, संध्याकाळी लवकर सोडतील का. नाहीतर उजेडी मला एकटीलाच जेवावं लागेल."