बदकाची चाल आणि सुनेचे हात

माझी सून घरात कुठे आहे हे कुणाला विचारावं लागत नाही. ती असेल तिथे काहीतरी वाजत असतं. भांडी विसळताना ताटाच्या कडेवर चमचा, फोनवर बोलताना टेबलावर पेन, आणि हाताशी काहीच नसलं तर जाता जाता माझ्या पाठीवर दोन बोटं. आधी मी दचकायचे. आता एखाद्या दिवशी वाजवलं नाही तर विचारते, "काय गं, बरं नाही का?"

लग्न होऊन आली त्याला एकोणीस वर्षं झाली. सोबत दोन बॅगा आणि एक लांबलचक खोकं. मी लेकाला बाजूला घेऊन विचारलं, "यात काय, इस्त्रीचं टेबल आहे का?" तो म्हणाला, "आई, कीबोर्ड आहे. तिचं पोट त्याच्यावर आहे." मला काही ते पटलं नाही. देवासमोर बसून मी तिच्यासाठी एखादी बरीशी नोकरी मागितली. देवानं माझं ऐकलं नाही, त्याबद्दल आता मी त्याचे आभार मानते.

तिची कामं लोकांच्या कानांवर रोज पडतात, पण ती कुणी केली हे कुणाला ठाऊक नसतं. चौकातल्या मोठ्या दुकानात लिफ्ट थांबली की तीन स्वर वाजतात, ते तिचे. विमा कंपनीला फोन लावला की 'कृपया थांबा' म्हणतात आणि मग जे वाजत राहतं, तेही तिचंच. लेक म्हणतो, "अख्ख्या गावाला वैताग देणारी बाई माझ्याच नशिबी यायची होती." ती म्हणते, "त्यातला चांगला वैताग मी घरासाठी राखून ठेवते."

स्वयंपाकघराला लागून सामानाची खोली होती, ती आम्ही तिला रिकामी करून दिली. भिंतींना जुनी ब्लँकेटं ठोकली आहेत. आतमध्ये आवाज घेणं चालू असलं की दाराच्या कडीला एक लाल मोजा अडकवलेला असतो. मोजा दिसला की मिक्सर लावायचा नाही, नळ सोडायचा नाही, आणि आमच्या यांना शिंकायचं असेल तर बाल्कनीत जायचं.

त्या खोलीत संगणकावरच्या एका प्रोग्राममध्ये ती सगळं रचते. कळा दाबल्या की स्वर पडद्यावर रेघारेघांनी उमटतात, मग त्यावर एकेक वाद्य चढवायचं. अकरा वर्षं ती एकच प्रोग्राम वापरत होती. बनवणाऱ्यांनी तो केव्हाच वाऱ्यावर सोडलेला. नव्या संगणकावर तो चालत नाही म्हणून संगणकही तोच, घरघरणारा. ती त्याला 'म्हातारा' म्हणते. एकदा यांनी दाराबाहेरून ऐकलं, "म्हातारा सकाळपासून तीनदा आडवा झालाय, आता काढूनच टाकावा." दोन दिवस यांचं जेवण कमी झालं होतं.

गेल्या महिन्यात एका सोमवारी तिला फोन आला. लहान मुलांसाठी एक कार्टून मालिका निघणार आहे. सगळीकडे उशिरा पोचणाऱ्या एका बदकाची गोष्ट. बदकाच्या चालण्याची वीस सेकंदांची धून तिनं नमुना म्हणून पाठवली होती. मीही ऐकली होती. ऐकताना डोळे मिटले तरी बदक डुलत जाताना दिसायचं. त्या कामाच्या प्रमुख बाई फोनवर म्हणाल्या, "धून आम्हाला फार आवडली. पण आमच्याकडे तिघं मिळून काम करतात, एकाचं काम दुसरा उघडून पुढे नेतो. सगळे नव्या प्रोग्रामवर आहेत, तुमचं तिथे उघडतच नाही. शनिवारपर्यंत हीच धून त्यात करून पाठवाल का? नाहीतर मला दुसऱ्या कुणालातरी विचारावं लागेल."

फोन ठेवून ती माझ्याजवळ येऊन बसली. "आई, शेवटी नावं येतात ना पडद्यावर, त्यात माझंही येईल." एवढंच म्हणाली. वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी, एवढी वर्षं लिफ्टला आणि फोनला गायला लावल्यावर, तिचं नाव पहिल्यांदा कुठेतरी लिहून येणार होतं.

लेकानं नवा संगणक आणला. नवा प्रोग्राम महिनाभर फुकट वापरून बघता येत होता, तो तिनं त्यात घातला. मग तिचं तोलणं सुरू झालं. फ्रिजवर कागद लावला. एका बाजूला 'राहावं', दुसऱ्या बाजूला 'जावं'. 'राहावं'च्या खाली लिहिलं: सगळ्या कळा डोळे मिटून माहीत, अकरा वर्षांच्या धुनी इथेच, हात बसलेला. 'जावं'च्या खाली: काम, नाव, आणि म्हातारा किती दिवस टिकणार? त्याखाली लेकाच्या अक्षरात होतं: बायको निदान कुठेतरी नवीन ठिकाणी जाईल.

"यंत्र निवडायला एवढा विचार?" तो म्हणाला. "मला तर तू दोन भेटींत हो म्हणालीस."

"म्हणूनच आता विचार करते."

धून जशीच्या तशी उचलून नेता येईना. स्वर येत होते पण वाद्यं मागे राहत होती. म्हणून मंगळवारी ती नव्यात सगळं पुन्हा वाजवायला बसली, आणि संध्याकाळी बाहेर आली ती तोंड पाडूनच. "बदक तोंडावर पडतंय, आई. वीस वेळा वाजवलं, वीसही वेळा पुढे पळतंय." नव्या प्रोग्राममध्ये स्वर ओढून नेमके ठोक्यावर बसवायची सोय होती, तीही तिनं करून पाहिली. मला ऐकवलं. बदक आता पडत नव्हतं, पण कवायत करत होतं.

बुधवारीही तेच. दुपारी ती म्हणाली, "त्या प्रोग्रामला जीवच नाही. मी बाईंना नाही म्हणून कळवते. म्हातारा आहे तोवर आहे." आणि ताटावर चमचासुद्धा न वाजवता भांडी विसळत राहिली.

गुरुवारी सकाळी मी प्रार्थनेला बसले, पण काय मागावं तेच कळेना. जुनं टिकू दे म्हणावं की नवं जमू दे? शेवटी म्हटलं, देवा, तुला कळतं ते कर, पण पोरीला तिच्या हातांची भीती वाटायला लावू नकोस.

अकराच्या सुमारास चहा घेऊन गेले. दाराला मोजा नव्हता. ती नव्यावर एकदा शेवटचं वाजवून बघत होती, म्हणून मी कप हातात धरून मागे उभी राहिले. मला संगीतातलं काही कळत नाही. पण आयुष्यभर कुणाचा हात कामाला कसा बसलाय ते बघत आले. तिचा उजवा पाय जमिनीवर ठेका धरत होता, आणि बोट दर वेळी पायाच्या आधी पडत होतं.

"अगं, तुझं बोट घाई करतंय."

"छे! बोट कसं घाई करेल?"

"पायाकडे बघ ना. आधी बोट, मग पाय."

तिनं पाहिलं. मग टेबलाच्या लाकडावर तीच चाल वाजवली. तिथे बोट आणि पाय बरोबर. पुन्हा कळांवर गेली, बोट आधी. कपाळाला आठ्या घालून तिनं म्हातारा सुरू केला. त्यावर वाजवलं. तिथेही बोट आधीच पडत होतं, पण स्वर मात्र पायाबरोबर येत होता.

ती एकदम हात मांडीवर टाकून बसली. "आई! याच्यात कळ दाबली की स्वर जरा उशिरा निघतो. सुरुवातीला मला त्याचा भयंकर राग यायचा. पुढे जाणवेनासं झालं. मला वाटलं, गेलं असेल आपोआप."

"गेलं कुठे? तुझ्या बोटात जाऊन बसलं."

मग मी तिला आमच्या पहिल्या घराच्या दाराची गोष्ट सांगितली. ते दार घट्ट बसायचं, खांदा मारल्याशिवाय उघडायचं नाही. सहा वर्षं खांदा मारला. मग सुतारानं रंधा मारून ते हलकं केलं, आणि पुढचे पंधरा दिवस हे रोज संध्याकाळी घरात धडपडत, थेट खुर्चीपर्यंत यायचे. "आणि यांनी शिव्या कुणाला घातल्या असतील? सुताराला!"

ती हसली, मग हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "म्हणजे प्रोग्राममध्ये खोट नाही. पण दोन दिवसांत अकरा वर्षांची खोड कशी जाणार?"

जेवताना हे सगळं लेकाच्या कानांवर गेलं. तो सहज म्हणाला, "मग नव्यालाही जरा आळशी कर ना." आम्ही दोघी त्याच्याकडे बघतच राहिलो. तशी सोय होती. स्वर किती उशिरा काढायचा, तो आकडा सांगता येत होता. तिनं शोधून शोधून म्हाताऱ्याइतकाच उशीर नव्यात घातला, सेकंदाचा दहावा हिस्सा, म्हणजे त्यांच्या मापात शंभर. शुक्रवारी दुपारी लाल मोजा लागला आणि दोन तासांनी ब्लँकेटांच्या आडून बदक डुलत डुलत बाहेर आलं. मी पोळपाट बाजूला ठेवून देवाला हात जोडले. शनिवारी धून गेली.

सोमवारी बाईंचा फोन आला. पहिले दोन भाग आधीच दुसऱ्या कुणाला देऊन झाले होते, तिसऱ्यापासून सहा भाग हिचे. नाव कसं लिहायचं, माहेरचं की सासरचं, असंही विचारलं. तिनं दोन्ही सांगितली.

मला वाटलं, संपलं. पण ती म्हणाली, "आई, त्यांच्याकडे जाऊन त्यांच्या कीबोर्डवर बसावं लागेल. तिथे काय सांगू, आधी तुमचं यंत्र आळशी करा?" त्या दिवसापासून ती रोज सकाळी तो आकडा थोडा थोडा खाली आणते, बाळाचं अंगावरचं दूध तोडतात तसा. शंभराचे नव्वद, नव्वदाचे ऐंशी. जमलं तर दुसऱ्या दिवशी खाली, नाही जमलं तर आहे तिथेच. मधे एकदा साठावर चार दिवस अडकली होती, तेव्हा घरात सगळ्यांनी जपून बोलायचं असं न सांगताच ठरलं होतं.

आज सकाळी पंचवीसवर आली. मी भाजी चिरत होते. आत दोनदा वाजलं, मग शांतता, मग मोठ्यानं हसणं. ती दारात येऊन उभी राहिली.

"पडलं परत. पार चिखलात."

"मग उद्याही पंचवीसच ठेव," मी म्हटलं. "त्याला कुठे वेळेवर पोचायचंय?"