हौदाचं झाकण

आमच्या अपार्टमेंटच्या तळमजल्यावर एक निवृत्त अधिकारी राहतात. सावध राहणं ही आपली एकट्याची मक्तेदारी आहे, असं त्यांना वाटतं. गेटवर त्यांनी कॅमेरा बसवून घेतला आणि तेव्हापासून खुर्ची टाकून मोबाइलवर तेच गेट बघत बसतात. गेट त्यांच्या समोरच आहे, हे त्यांना कोण सांगणार?

खुलताबादकडून एक बाई सीताफळं घेऊन येते. तिला ते दर वेळी अडवतात. आधार कार्ड मागतात, फोटो काढून ग्रुपवर टाकतात, खाली लिहितात, 'सतर्क राहा.' त्यावर बाकीचे अंगठ्याचे इमोजी टाकतात. घरबसल्या सावध होण्याची एवढीच त्यांची तयारी.

त्या सकाळी खूप दिवसांनी नळाला पाणी आलं होतं. किती भरलं ते बघायला साहेबांनी अंगणात जमिनीखाली असलेल्या हौदाचं लोखंडी झाकण बाजूला सरकवलं. तेवढ्यात गेटशी ती बाई आली. झाकण तसंच टाकून ते तिकडे धावले.

"भाऊ, लई वर्सं झाली इथं येते मी. फळं नको असतील तर नाय म्हणा," ती म्हणत होती.

मी पहिल्या मजल्याच्या गॅलरीत कपडे वाळत घालत होते. त्यांचा नातू, नुकताच चालायला लागलेला, घरातून बाहेर आला आणि पाण्याच्या आवाजाकडे निघाला.

"अहो, झाकण उघडं आहे. बाळ तिकडे चाललंय."

वळूनही न बघता त्यांनी हात वर केला. "एक मिनिट वहिनी, चौकशी चालू आहे."

मी जिन्यावरून कशी उतरले, मला आठवत नाही. पोरगं हौदाच्या काठावर ओणवं होऊन आत बघत होतं. झबलं धरून ओढलं तसं ते भोकाड पसरून रडायला लागलं. त्यांची सून धावत आली, त्याला छातीशी धरून तिथंच फरशीवर बसली.

साहेबांनी आधी नातवाकडे बघितलं, मग माझ्याकडे. म्हणाले, "असं कुणीही गेटवर येतं ना, त्यामुळंच लक्ष विचलित होतं."

मला त्यांची कीवही आली नाही. संशय घेण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला आपल्या पायाशी काय आहे ते दिसत नाही, आणि दिसलं नाही याची लाजही वाटत नाही.

संध्याकाळच्या मीटिंगमध्ये त्यांनी हौदावर दुसरा कॅमेरा बसवायचा ठराव मांडला.

"म्हणजे पोर पडताना नीट दिसेल," मी म्हणाले. तरी ठराव मंजूर झाला.

सुनेनं मात्र मीटिंगची वाट बघितली नव्हती. दुपारीच तिनं झाकणाला कुलूप लावलं होतं. पुढच्या वेळी पाणी आलं तेव्हा सासऱ्यांनी किल्ली मागितली.

"मी उघडते, बाबा," ती शांतपणे म्हणाली. "तुम्ही गेट बघा."