विहिणीच्या पंगतीतलं फ्रेंच गाणं

निवृत्तीनंतर मला फोनवर फ्रेंच शिकायचं खूळ लागलं. अमरावतीत फ्रेंच बोलायला कोण मिळणार? म्हणून साठच्या दशकातली तिकडची गाणी ऐकू लागले. एक तर डोक्यातून जाईचना. शाळकरी पोरीचा गोड आवाज, ठेका धरावा अशी चाल, आणि शब्दांत नव्या मोटारीची ऐट मिरवणाऱ्या बड्या लोकांची यथेच्छ टिंगल.

ते मी अकोल्याला, जठारपेठेतल्या काकूला ऐकवलं. तिच्या नातीचं लग्न तोंडावर आलं होतं आणि काकू गप्प गप्प होती. पूर्वी विहिणीच्या पंगतीत वरमायला चिडवणारी गाणी म्हणावीत तर तिनेच. काका गेले आणि तिला गायला बोलावणं बंद झालं. विधवेनं गाऊ नये, असं तोंडावर कोणी म्हणालं नाही. नुसतं बोलावलं नाही. मला याचा भयंकर संताप यायचा.

काकूने फोन कानाशी धरला. फ्रेंचचं एक अक्षर तिला ठाऊक नाही.

"हे पोरगी कोनाची तरी मजा घेऊन राहिली," ती म्हणाली.

मी थक्क झाले. मला एवढं कळायला शब्दकोश पालथा घालावा लागला होता.

"तुले कसं कळलं, काकू?"

"इतकं साळसूद उगाच कोनी गाते काय? ज्याईची मजा घेतली, ते चिडले काय?"

"नाही. तेच नाचायचे या गाण्यावर."

"मंग जमलं तिले," काकू म्हणाली आणि गाणं पुन्हा लावायला सांगितलं.

लग्नात विहिणीची पंगत बसली. वरमाय डोळ्यांवर काळा गॉगल लावून पाटावर. डीजेवाला जेवायला गेलेला. तेवढ्यात मागच्या खुर्चीवरून बारीक, गोड आवाज आला. चाल त्या फ्रेंच पोरीची, शब्द काकूचे:

"काया गॉगल लावून आली विहीण पंगतीले,
भरलं ताट पुढं, पन दिसे ना तिले!"

कुठली ती पोरगी, कुठली ही काकू, आणि खोडी अगदी तीच! पण हॉलमध्ये कोणी हसेना. मुलीचा बाप, माझा चुलतभाऊ, घामाघूम झाला.

वरमायने गॉगल काढला. ताट तसंच ठेवून उठली, थेट मागे गेली आणि काकूचा हात धरून तिला पंगतीत, आपल्या शेजारच्या पाटावर आणून बसवलं.

"आता हे गानं पुरं म्हना," ती म्हणाली. "त्याशिवाय मी घास उचलत नाई."