शहनाजच्या कोंबड्या

गोजरबाईच्या गळ्यात तुळशीची माळ. अंडं कधी घरात आलं नाही. नवरा गेल्यापासून ती मराठवाड्यातल्या गोरेगावात एकटीच राहायची, आणि दिवसभरात बोलायला शेजारची शहनाज तेवढी होती.

अठ्ठेचाळीसच्या भादव्यात निजामाच्या मुलखात हिंदुस्थानची फौज शिरली आणि गावची हवा बिघडली. शहनाजच्या घरानं बैलगाडी भरली. निघताना ती कुडापाशी आली.

"गोजरबाई, कोंबड्या संबाळशील? दिवाळीपतोर येतो आमी."

"जा तू. मी हाय."

दाणे टाकून गोजरबाईनं साद घातली, पण कोंबड्या येईनात. शेवटी तिनं शहनाजसारखं "आव, आव" म्हटलं, तेव्हा त्या धावल्या. स्वतःच्या तोंडून तो सूर ऐकून तिला हुंदका आला.

ती त्यांना ज्वारी घालायची, पोटभर. तरी महिनाभरात अंडी बंद झाली. कोंबड्या एकमेकींची पिसं उपटून खाऊ लागल्या. शहनाज दाण्यात सुकट कुटून घालायची, हे तिनं पाहिलं होतं. पण माळकरणीनं मासळीला हात कसा लावावा? तिनं डाळ भरडून उरलेली तुरीची चुनी मिसळली. जरा तरतरी आली, पण पिसं खाणं थांबेना.

तेलघाणीवाल्या देवलाला तिनं विचारलं.

"माझ्या घाणीपाशी कोंबड्या तिळाच्या पेंडीवर तुटून पडतात बाई. घेऊन जा थोडी."

तिनं नुसती पेंडच घातली, तर कोंबड्यांना हगवण लागली. मग ज्वारी जास्त, चुनी त्याहून कमी, पेंड मूठभर, असं घालून बघितलं. रोज सकाळी ती पिसं उलटून कातडी तपासायची. हळूहळू उघड्या पाठींवर पिसांचे कोंब फुटले. एका दुपारी खुराड्यात ऊन ऊन अंडं सापडलं. ते दाखवायला तिला कोणीच नव्हतं. ती पदरात धरून तशीच बसली.

दिवाळी होऊन गेली. थंडीत नांदेडहून आलेल्या कासारानं निरोप दिला.

"शहनाज तिकडंच राहिली. म्हणे, कोंबड्या आता तुमच्या."

"सोता म्हणली?"

"व्हय."

"रडली का?"

कासार बांगड्यांची पेटी आवरू लागला.

कोणी म्हणालं, आता विकून टाक. पण पांढरी कोंबडी खुडूक झाली होती, अंडी उबवायला बसू बघत होती. गोजरबाईनं टोपल्यात भुसा पसरला, अंडी मांडली आणि कोंबडीला अलगद वर बसवलं.