उंचीप्रमाणे पुस्तकं

शहापूरच्या आमच्या वाचनालयातल्या बाई पुस्तकं उंचीप्रमाणे लावतात. स्वयंपाकघरातल्या मांडणीवर डबे लावावेत तशी. ठेंगणी एका टोकाला, उंच दुसऱ्या टोकाला. विषय, लेखक हे त्यांच्या लेखी नसतंच. पुस्तक मागितलं की विचारतात, "केवढं हाय?" मग मी हातानं माप दाखवतो.

या कारभारानं मला पार बिघडवलं. रहस्यकथा शोधायला गेलो आणि शेजारचं शेळीपालन घेऊन आलो. शेळ्यांनंतर ग्रहतारे, मग लोणची, मग एका नर्सचं आत्मचरित्र. सगळी एकाच मापाची, आणि एकाहून एक झकास!

गेल्या महिन्यात वाचनालयाचे नवे अध्यक्ष दारातूनच गरजले, "बाई, शुक्रवारपर्यंत प्रत्येक फळीवर विषयाची चिठ्ठी दिसली पाहिजे!" आता उरलेला जन्म मी रहस्यकथांच्याच फळीपुढे काढणार!

शुक्रवारी भीतभीत गेलो. अध्यक्ष चिठ्ठ्या पाहून खुशीत बाहेर पडत होते. मी 'इतिहास' लिहिलेल्या फळीपाशी पोचलो, तर तिथं शेळ्या, तारे, लोणची, सगळं जागच्या जागी!

"बाई, हे काय?"

"चिठ्ठ्या लावा म्हनले, लावल्या. पुस्तकं हलवा म्हनले का? तुमीच सांगा, भाऊ."

"नाय बा!" म्हणत मी 'धार्मिक'मधून भुतांचं एक जाडजूड पुस्तक काढलं आणि खो खो हसत सुटलो.

"हळू हसा," बाई दाराकडे बघत कुजबुजल्या, "सायेब अजून जिन्यातच हायेत."