मोडलेल्या घराचे खिळे

तहसील कचेरीसमोर बसून मी वीस वर्षे लोकांचे अर्ज लिहीत आहे. काल धरणात जाणाऱ्या गावातले गेनूबाबा आले. घर सोडण्याची मुदत वाढवून मागायची होती. मी मायना लिहीपर्यंत ते दगडावर वाकडे खिळे ठोकून सरळ करीत होते.

"घराचेच हायेत, साहेब. नव्या वसाहतीत लागतील."

माझे वाचन अफाट असल्यामुळे मी त्यांना सांगितले, की युरोपातून अमेरिकेत जाऊन प्रथम वसलेले काही लोक, खिळे महाग म्हणून, जागा सोडताना आपले राहते घर जाळीत आणि राखेतून खिळे वेचून पुढे नवे गाव वसवीत.

बाबांचा हात थांबला. "घर जळताना त्यांच्या बायका कुठं उभ्या ऱ्हायच्या?"

ते माझ्या पुस्तकात नव्हते. 'वसाहत' हा शब्द मी शेकडो अर्जांत लिहिला असेल; त्याच्या अलीकडे कोणाचे तरी मोडलेले घर असते, हे मात्र कधी मनात आले नव्हते.

"मुदतीचे कारण काय लिहू, बाबा?"

"छप्पर उतरवलं, भिंती पाडल्या. आमची म्हातारी जोत्यावर बसलीया. उठंना."

कारणास चार भारदस्त शब्द जोडण्याची माझी रीत आहे. काल एकही जोडवला नाही. बाबा बोलले तेवढेच लिहिले आणि अंगठ्यासाठी कागद त्यांच्यापुढे सरकवला.