उघड्या जोत्यावरचं जेवण

मुलाकडे अल खौदला होते तेव्हा ऐन मे महिन्यात एसी बंद पडला. ओमानमधला मे बघा, भिंतीला हात लावला तरी चटका बसायचा. सुनेनं फोन करून मेकॅनिकला बोलावलं आणि ती ऑफिसला गेली. दुपारी जो आला तो आपलाच मराठी माणूस, पन्नाशी उलटलेला, साताऱ्याकडच्या बोलीचा. मला इतका आनंद झाला की एसी राहिला बाजूला, मी आधी चहा टाकला.

चहा पिता पिता तो म्हणाला, "हितलं धरण बगितलं का काकू? ना वीज, ना कालवा. कोरड्या नदीला पूर आला की पाणी अडवायचं आन् जमिनीत मुरवायचं. खलास!"

"हे कसलं धरण? धरण म्हणजे आमचं!" म्हटलं, आणि सुटले की मी. आमचे हे धरणाच्या वीजघरात ऑपरेटर. सोळा वर्षं कॉलनीत काढली. अर्ध्या महाराष्ट्राचे दिवे आमचे हे लावतात, असं मी माहेरी सांगत असे, तेच त्यालाही ऐकवलं. मग आमच्या सहली सांगितल्या. उन्हाळ्यात पाणी उतरलं की बुडालेली गावं वर यायची. आम्ही बायका डबे घेऊन जायचो. घरांची जोती उघडी पडलेली असायची. त्यातलं एक ऐसपैस जोतं आम्ही ठरवूनच टाकलेलं. मधोमध जमिनीत पुरलेलं दगडी उखळ. ते धुऊन त्यात ठेचा कुटायचा, मुलांनी पायऱ्यांवरून उड्या मारायच्या, काय मजा यायची! हसत हसत सांगितलं मी हे सगळं.

त्यानं कप खाली ठेवला. "कुठलं गाव, काकू?"

मी नाव सांगितलं.

"आमचं गाव ते," तो म्हणाला. "मी पाच वर्साचा हुतो धरणापायी गाव उठलं तवा. कायबी आठवत न्हाई. फकस्त पायरीवरचं कमळ आठवतंय. माझ्या आज्यानं कोरलेलं. तुमी बसायचा त्या जोत्याला हुतं का हो?"

इतक्या आशेनं बघत होता की मी म्हटलं, "होतं की."

खोटं. मी त्या पायरीकडे कधी बघितलंच नव्हतं. ठेच्याची चव आठवत होती, पायरी नाही. वाटलं, कुणाचं काय बिघडतंय, खूश होईल बिचारा.

खूश झालाच. लगेच फोन लावला. त्याची आई गाव उठल्यापासून लांबच्या एका माळरानावर राहते. "आये, आपलं घर बगितलेली बाई भेटली! बोल!" आणि फोन माझ्या कानाला.

"बाई," म्हातारी म्हणाली, "कमळ हाय व्हय अजून? पाकळ्या झिजल्या असत्याल न्हवं?"

थोड्या झिजल्यात, एवढंच म्हणायचं होतं. तो समोर उभा, तोंडभर हसत. माझ्या तोंडून ते निघेना.

"आई, मी तुमच्या लेकाशी खोटं बोलले. कमळ मी पाहिलं नाही. ते जोतं तुमचं होतं का, तेही मला माहीत नाही. आम्ही नुसत्या तिथं बसून जेवायचो."

मग तिनं विचारलं, "काय जेवायचासा?"

"भाकरी. पिठलं. ठेचा."

"निघायच्या दिशी आमी जेवलो न्हाई," ती म्हणाली. "सकाळीच चूल मोडली. ट्रक आला दिवस मावळता. पोरं रडून रडून झोपली." आवाजात राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं. "लेकाकडं द्या फोन."

तो फोन घेऊन तसल्या उन्हात बाल्कनीत गेला. आत येऊन एसी दुरुस्त केला. जाताना "येतो, काकू" म्हणाला, मान खाली घालून. लाज मला वाटायला हवी, आणि मान त्यानं खाली घातली.

दुसऱ्या दिवशी मी पुण्याला फोन केला, कॉलनीतल्या माझ्या शेजारणीला. सहलीला नेहमी बरोबर असायची ती. विचारलं, "अगं, आपण जेवायला बसायचो त्या जोत्याच्या पायरीवर कमळ कोरलेलं होतं का गं?"

"कुणाला माहीत?" ती म्हणाली. "तिथं तर आपण चपला काढून ठेवायचो."